शेंगदाण्याचा डोस आणि नंतरचे दोन तास
शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला शेंगदाण्याचं प्रथिन मोजून, थोडं थोडं खायला देऊन शरीराला सवय लावतात, त्या उपचाराबद्दल हे. अ‍ॅड्रेनलिनची दोन पेनं (अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका आला तर लगेच टोचायची तयार इंजेक्शनं) घरात आहेत आणि त्यांची मुदत संपलेली नाही, हे धरून चालते. नसतील तर पुढचं वाचू नका, आधी ती आणा. डोस मोजूनच. पाल्फोर्झिया या औषधाची, म्हणजे शेंगदाण्याच्या प्रथिनाच्या पावडरीची, सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून होते आणि चढत चढत ३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम एका दाण्यातल्या प्रथिनापर्यंत जाते. चढवायचा तो दवाखान्यातच, आणि नंतर निदान तासभर तिथंच बसायचं. घरी 'जरासा जास्त' नाही.

रिकाम्या पोटी नको. ताप, उलट्या किंवा छातीत घरघर असेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना फोन करा. दमा आटोक्यात नसेल तर ही उपचारपद्धती सुरूच करत नाहीत.

आता मी जे विसरले ते. डोसनंतरचे दोन तास. चार महिने तोच डोस लेक निमूट खात होती, म्हणून मी निर्धास्त. त्या संध्याकाळी डोस घेऊन ती दोरीउड्या मारायला पळाली, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. वीसेक मिनिटांत मानेवर गांध्या, मग खोकला, मग "आई, घशात काहीतरी अडकलंय." आणि मी मूर्खासारखी आधी अ‍ॅलर्जीचं सिरप शोधत बसले! सिरपने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मग आडवं झोपवायचं, चालवायचं नाही. श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवायचं. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन.

पळापळ, गरम पाण्याची आंघोळ, ताप यांनी शरीर नेहमी पचवतं तोच डोस अचानक डोईजड होतो. म्हणून दोन तास. दोन! डॉक्टरांनी तीन सांगितले तर तीन. खेळून आल्या आल्याही नको, अंग निवू द्या. झोपायच्या तोंडावरही नको, झोपेत कळणार कसं?

बाकी पटापट. लागोपाठ काही दिवस डोस चुकले तर स्वतःहून तिथूनच सुरू करू नका, फोन करा. पोट सतत दुखतंय, घास अडकतोय, तर सांगा. आजी, शिक्षक, शेजारी, सगळ्यांना पेन दाखवून ठेवा. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचणं बंद करायचं नाही. शेंगदाणे खायची मोकळीक मिळालेली नाही.

आणि दोन तास. मी मोबाइलवर गजर लावलाय. लेकीने त्याचं नाव 'तुरुंग' ठेवलंय.