पीएचसीत रुजू होताय? एप्रिलमध्येच स्टॉक रजिस्टर उघडा

सरकारी सेवेच्या बंधपत्रावर विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या नव्या डॉक्टरांना ओपीडीची धास्ती असते. ओपीडी जमते हो. खरी परीक्षा पावसाळ्यात होते, आणि तिचा अभ्यास एप्रिल-मेमध्ये फार्मासिस्टशेजारी बसून करायचा असतो.

ई-औषधी या सरकारी ऑनलाइन औषधसाठा प्रणालीवरचा साठा आणि कपाटातला साठा ताडून पाहा. सर्पदंशावरचं प्रतिविष, ओआरएस, सलाईन तर हवंच. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चावण्यातून होणारा ताप) पसरला, तेव्हापासून त्यावरचं डॉक्सीसायक्लिनही मी आवर्जून बघतो. पण सगळ्यात आधी ॲट्रोपिन, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरचा उतारा, मोजा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा झालेला एक गंभीर रुग्ण ॲट्रोपिनच्या 0.6 मिलिग्रॅमच्या अँप्युल डझनांनी संपवतो. मागणी मात्र बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या खपावर बेतलेली असते. आपण फवारणीचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून आकडा लिहावा, आणि त्याचं कारणही लेखी द्यावं. रेफर करायचा रुग्णसुद्धा वाटेत तगला पाहिजे.

आता पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. आपल्या हातातला आकडा लहान: निकषाप्रमाणे पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीला वर्षाला 1.75 लाख, गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला 10 हजारांपर्यंत. तोही हप्त्याने, कधी पोळा उलटल्यावर. म्हणून समितीची बैठक मेमध्येच घ्या आणि साथ आल्यास तातडीची औषधखरेदी, गाडीभाडं यांचे ठराव करून ठेवा. ठराव तयार असेल तर पैसे पडल्या दिवशी खर्च करता येतो.

पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायत आणते, तेव्हा ग्रामसेवकाशी गोडीत राहा. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतं, मग विहिरीत नुसता चुना पडतो. पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओटी टेस्ट शक्यतो शेवटच्या नळावर करावी, टाकीखालच्या नाही. पाण्याचा स्रोत धोक्याचा म्हणून लाल कार्ड मिळालेल्या गावांची यादी टेबलाच्या काचेखाली असू द्या.

एक कंटाळवाणं काम उरतं: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी कशावर खर्च झाला याचा लेखी दाखला. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पुसट होतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून फाइलला लावा.