पिंपळाच्या सालीच्या गुळण्या, पण आधी झाड नीट ओळखा

तोंड आलं की कोणीतरी सांगतंच, पिंपळाच्या सालीच्या गुळण्या कर. उपाय जुना आहे, सोपाही आहे, पण साल काढायच्या आधी झाड तेच आहे ना ते बघा, कारण पारस पिंपळ या वेगळ्याच झाडाचं पानही बदामी आकाराचं असतं आणि मी एकदा त्याचीच साल घरी घेऊन आलो होतो, तेही वर भेंडीसारखी पिवळी फुलं दिसत असताना! पिंपळाला अशी फुलं दिसायचीच नाहीत, ती त्या सेंटीमीटरभर फळाच्या पोटात असतात आणि चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे पानाचं शेपटीसारखं टोक, चांगलं 2 ते 5 सेंमी लांब. देठही लांब आणि बारीक, म्हणून वारा पडलाय असं वाटतं तेव्हाही पिंपळ सळसळत असतो. तरी शंका असेल तर देठ मोडा, पांढरा चीक आला पाहिजे, पारस पिंपळाला तसा येत नाही. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.) वडाशी गोंधळ होणार नाही, पारंब्या नसतात.

आता साल. खोडाभोवती गोल सोलायची नाही, झाड मरतं. छाटलेली फांदी मिळाली तर बेस्ट, रस्त्याकडेचं धुरकटलेलं झाड सोडा. साल धुवून, सावलीत वाळवून जाडसर कुटा. 10 ग्रॅमला 160 मिली पाणी, मंद आचेवर 40 मिली उरेपर्यंत आटवा आणि गाळा. झाकण ठेवू नका, नाहीतर आटतच नाही. चव एकदम तुरट लागते, जीभ आवळल्यासारखी होते, ते सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे आणि गुळण्यांना नेमका तोच तुरटपणा लागतो. आयुर्वेदात वड, उंबर, पायर, पारस पिंपळ आणि हा, अशा पाच साली पंचवल्कल म्हणून जखमा धुवायला वापरतात, म्हणजे माझी चुकीची सालही अगदीच वाया गेली नव्हती म्हणा.

काढा कोमट झाला की दिवसातून दोनदा गुळण्या करून थुंकून टाका, उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नका. पोटात घ्यायचा असेल तर वैद्यांना विचारूनच, खासकरून शुगरच्या गोळ्या चालू असतील तर, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत सालीच्या अर्काने साखर उतरलेली दिसलीय. आणि तोंडातला फोड दोन आठवड्यांत गेला नाही, त्यात तंबाखूची सवय असेल, तर काढा बाजूला ठेवून सरळ डॉक्टरला तोंड दाखवा.