गिंपमधला रिमोट खरा का वाटेना?

गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टीव्हीचा रिमोट काढत होतो. आकार बरोबर, बटणं जागच्या जागी, तरी चित्र स्टिकरसारखं सपाट. आधी नुसत्या सावल्या वाढवत बसलो. सगळंच मळकट झालं.

मग खरा रिमोट दिव्याखाली धरला. काळं प्लॅस्टिक कुठेच पूर्ण काळं नव्हतं! म्हणून गडद करडा घेऊन त्यावर हलका ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी छटा, दिला. प्रकाश डावीकडून येतो असं ठरवलं आणि प्रत्येक बटणाच्या डाव्या कडेला १ पिक्सेलची फिकट रेघ ओढली, उजवीकडे गडद. (कंटाळवाणं काम, पण जादू इथेच झाली.) सावली वेगळ्या लेयरवर (थरावर), मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचे रंग गडद करत मिसळेल अशी: रिमोट टेकलाय तिथे धारदार, लांब जाईल तशी धूसर. शेवटी किंचित नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा. बटणांवरचे आकडे मात्र अजून जरा जास्तच कोरे करकरीत दिसतात.