कार्यक्षम उपकरण आणलं, तरी युनिट का वाढले? मोजायचं कसं, आवरायचं कसं

जुने दिवे काढून एलईडी लावले, जुन्या एसीच्या जागी इन्व्हर्टर एसी बसवला, मोटर बदलली. कागदावर बचत पक्की असते. पण काही महिन्यांनी मीटर पाहावं तर युनिट जेमतेम उतरलेले, कधी चक्क चढलेले. बहुतेक वेळा उपकरणात खोट नसते. काम स्वस्त झालं की ते जास्त करून घेतलं जातं. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये हेच कोळशाबाबत दाखवलं होतं. जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन जुन्या न्यूकोमन इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळशात तेवढंच काम करायचं, तरी ब्रिटनचा कोळशाचा खप वाढत गेला, कारण पूर्वी इंजिन परवडत नव्हतं तिथेही ते परवडू लागलं. याला आता रिबाउंड म्हणतात.

मोजणी उपकरण बदलण्याआधीच सुरू करावी लागते. नंतर आठवून लिहिलेल्या आकड्यांना काही अर्थ नसतो. किमान दोन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा: युनिट, चालू असल्याचे तास आणि सेटिंग (तापमान, फॅनचा वेग, दिव्यांची संख्या). बहुतेक जण फक्त युनिट लिहितात आणि तिथेच फसतात, कारण खप का बदलला हे त्यातून कळतच नाही. एसी किंवा हीटर असेल तर आधीची आणि नंतरची नोंद सारख्याच हवामानातली घ्या.

नेमप्लेटवरचे वॅट गुणिले तास हा हिशेब फ्रिज आणि एसीला चालत नाही. कॉम्प्रेसर मध्येच थांबतो किंवा वेग कमी करतो. प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर वापरा, मोठ्या लोडला सब-मीटर (फक्त त्या उपकरणापुरता वेगळा मीटर) लावून घ्या. वायरभोवती अडकवायचा साधा क्लॅम्प मीटर फक्त अँपिअर दाखवतो. अर्ध्या लोडवर चालणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या वापराचा हिस्सा) कमी असतो, म्हणून व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वापर फुगलेला दिसतो.

सब-मीटर नसेल तर मुख्य मीटरचा लुकलुकणारा दिवा कामी येतो. मीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून हवं तेच उपकरण चालू ठेवा आणि दहा पल्सना लागलेला वेळ मोजा. सुरुवातीची लुकलुक शून्य धरायची, एक नाही. १५ सेकंद लागले तर एका पल्सला दीड सेकंद. ३६,००,००० ला (एका युनिटमधले वॅट-सेकंद) ३२०० गुणिले १.५ ने भागा, उत्तर ७५० वॅट.

आता हिशेब. १० दिवे, प्रत्येकी ६० वॅट, रोज ५ तास: ३० दिवसांचे ९० युनिट. ९ वॅटचे एलईडी तेवढेच तास लावले तर १३.५ युनिट. अपेक्षित बचत ७६.५. पण दिवे १६ झाले आणि ८ तास जळू लागले, तर खप ३४.५६ युनिट आणि खरी बचत ५५.४४. खऱ्या बचतीला अपेक्षित बचतीने भागून ते १ मधून वजा करा: रिबाउंड साधारण २७.५ टक्के. बचत कमी झाली, पण झाली.

एसीचं प्रकरण जास्त बिघडतं. जुना सरासरी १.६ किलोवॅटने रोज ४ तास चालत होता, म्हणजे ६.४ युनिट. नवा सरासरी १ किलोवॅट घेतो, अपेक्षित बचत २.४. "आता काय, इन्व्हर्टर आहे" म्हणत तो ७ तास चालला की खप ७ युनिट आणि रिबाउंड १२५ टक्के. १०० च्या वर गेलं म्हणजे आधीपेक्षा जास्त वीज जळली. त्यात सेटिंग उतरवलं तर आणखी भर. बाहेर ३५ अंश असताना २६ चं २३ केलं की आत-बाहेरचा फरक ९ वरून १२ होतो, म्हणजे भिंतींतून येणारी उष्णता एक तृतीयांशाने वाढते.

मात्र सगळा रिबाउंड उधळपट्टी नसतो. ज्या खोलीत आधी बसवत नव्हतं तिथे आता नीट झोप लागत असेल, तर ती सोय आहे आणि ती मोजून घ्यावी. आवरायचं ते नकळत वाढलेलं. त्यासाठी बसवतानाच एसीला टायमर लावा, दिव्यांची संख्या आधी ठरवा. नवा फ्रिज आला की जुना त्याच दिवशी घराबाहेर काढा. तो "पाण्याच्या बाटल्यांपुरता" दुसऱ्या खोलीत राहिला, तर बचत सोडा, खप वाढतो. ठिबक सिंचनातही वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं, तर पंपाचे तास तेवढेच राहतात. तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे नोंद घ्या. तास हळूहळू सरकतात, पहिल्या महिन्यात ते दिसत नाही.

एक प्रकार मात्र माणसाच्या सवयीचा नाही, यंत्राचा आहे. कार्यक्षम मोटरची स्लिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मागे पडणं, कमी असते, म्हणून ती थोडी वेगाने फिरते. ५.५ किलोवॅटची जुनी आयई१ मोटर (आयई हा कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तितका चांगला; हिची कार्यक्षमता ८४.७ टक्के) मिनिटाला १४४० फेऱ्यांवर होती आणि नवी आयई३ (८९.६ टक्के) १४६५ वर गेली असं धरा. ब्लोअरला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, इथे सुमारे ५.३ टक्के. मोटर बदलून मिळणारी बचत ५.५ टक्के, म्हणजे हाती जवळजवळ काहीच नाही. टाकी भरणाऱ्या पंपात टाकी लवकर भरते आणि काही भाग परत मिळतो. सतत चालणाऱ्या ब्लोअरमध्ये तसं होत नाही. मोटर बदलण्याआधी आणि नंतर टॅकोमीटरने (फेऱ्या मोजायचं यंत्र) फेऱ्या मोजा. बेल्ट असेल तर मोटरची २०० मिलिमीटरची पुली सुमारे १९७ ची करा, किंवा बाजारात मिळणारी जवळची जोडी निवडा. थेट जोडलेला पंप असेल तर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) थोडा घासून घ्यावा लागतो. केवळ एवढ्यासाठी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवू नका, त्याचं स्वतःचंच नुकसान ३ टक्क्यांच्या आसपास असतं.