क्लच कव्हरला चिकटलेलं जुनं पॅकिंग

परळला चाळीच्या अंगणात बाईकचं ऑइल काढून क्लच कव्हर उघडलं. पॅकिंग, म्हणजे ऑइल झिरपू नये म्हणून कव्हर आणि इंजिनच्या मध्ये बसवलेलं पातळ गॅस्केट, अर्धं कव्हरला, अर्धं इंजिनला चिकटून दगड झालेलं. शेजारचे काका म्हणाले, “अरे, पटाशी घे.” मी नको म्हटलं. ॲल्युमिनियम मऊ असतं. खोल ओरखडा पडला की तिथूनच ऑइल झिरपतं. ग्राइंडरची चकतीही नको, तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते आणि बेअरिंग खाते.

आधी इंजिनच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. मग थिनरने भिजवलेला कापूस पॅकिंगवर ठेवून वर पिशवी झाकली, २० मिनिटं. इथे घाई करू नका, निम्मं काम तो कापूसच करतो. थिनर पेट घेतं, म्हणून हे उघड्यावरच करा, आणि बाईकच्या रंगाला लागू देऊ नका. नंतर प्लास्टिकच्या पट्टीने पापुद्रे सुटत गेले. डॉवेल पिनांभोवती, म्हणजे कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या खुंट्यांभोवती, मात्र तासभर गेला. तिथे पितळी ब्रशच कामी आला.

कव्हर जाड काचेवर ठेवून पाहिलं, डुगडुगलं नाही, म्हणजे कड सपाट होती. कुर्ल्याहून आणलेलं नवं पॅकिंग कोरडंच बसवलं, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. सगळा पावसाळा बाईक चालवली. खाली ऑइलचा थेंब नाही.