बटण खराब झालं म्हणण्याआधी: बटणांनी स्क्रोल करताना या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की टचस्क्रीन दगा द्यायला लागते. घामेजलेलं बोट स्क्रीनवर घसरतं, नाही तर एका जागी ठेवलेलं बोट तिला दोन ठिकाणी जाणवतं. गाडीवरून उतरलेल्या बाईच्या हातात सुती हातमोजे असतात, आणि कापडाआडचं बोट स्क्रीनला कळतच नाही. अशा वेळी बटण कामाला येतं. आवाजाच्या बटणाने पुस्तकाचं पान उलटता येतं, कीपॅड फोनच्या बाणांनी खाली सरकता येतं, छोट्या ब्लूटूथ रिमोटने टॅबलेटवरचा मजकूर पुढे नेता येतो. मेट्रोत खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एका हाताने दांडा धरून उभं राहिलेल्या माणसाला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अख्खं प्रकरण वाचून काढता येतं.

बटणांबद्दलची तक्रार मात्र नेहमी एकच असते: "बटण चालत नाही." फोन उघडला जातो, बटणाची पट्टी बदलली जाते आणि तक्रार तशीच राहते. कारण दाब फोनपर्यंत पोहोचलेला असतो, पण तो भलत्याच ठिकाणी खर्च होतो. म्हणून स्क्रू काढण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

फोकस कुठे आहे ते न बघणं

बोटाने आपण थेट हव्या त्या जागी टेकतो. बटणाला जागा नसते. बटण फक्त "खाली" म्हणतं; कुठून खाली, हे स्क्रीनवरची चौकट किंवा रंगीत पट्टी ठरवते. त्या खुणेला फोकस म्हणतात. बटणांनी होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं.

सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा:

"भाऊ, खालचं बटण कितीही दाबा, पान हलतच नाही."

"काकाजी, कर्सर अजून नावाच्या रकान्यातच आहे. आधी 'मागे' दाबा, मग खाली जा."

मजकूर भरायच्या रकान्यात फोकस असेल तर वरचे-खालचे बाण पान सरकवत नाहीत, रकान्यातला कर्सर हलवतात. रकान्यात एकच ओळ असेल तर काहीच घडत नाही आणि बटण मेलंय असं वाटतं.

दुसरा गोंधळ पहिल्या दाबाचा. अँड्रॉइड फोन बोटाने वापरत असताना तो टच मोडमध्ये असतो आणि फोकसची चौकट लपलेली असते. बाण पहिल्यांदा दाबला की फोन त्या मोडमधून बाहेर येतो आणि चौकट एखाद्या ठिकाणी उमटते. म्हणजे पहिला दाब चौकट दाखवण्यातच जातो, सरकणं दुसऱ्यापासून सुरू होतं. पान हललं नाही म्हणून पटापट पाच वेळा दाबलं की चार घरं पुढे जाता. एकदा दाबा, चौकट कुठे आली ते बघा, मग पुढे दाबा.

तिसरी अडचण वेबपानांवर येते. बाण एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर उडी मारत असेल तर मधला लांब मजकूर न वाचताच निघून जातो. बातमीचे मधले चार परिच्छेद गायब झाल्यासारखे वाटतात ते यामुळे. कीबोर्ड जोडलेला असेल तर अशा पानावर बाणाऐवजी पेज डाउन किंवा स्पेस वापरा. त्याने एका स्क्रीनइतका मजकूर सरकतो आणि आधीच्या पानाच्या शेवटच्या काही ओळी वर राहतात, त्यामुळे वाचनाचा धागा सुटत नाही. शिफ्ट धरून स्पेस दाबली की पान उलटं वर जातं.

स्पेस वापरताना मात्र नजर चौकटीवरच असू द्या. फोकस व्हिडिओवर असेल तर स्पेसने व्हिडिओ सुरू होतो, रकान्यात असेल तर कोरी जागा टाइप होते, आणि स्क्रीनवरच्या एखाद्या बटणावर असेल तर ते बटण दाबलं जातं. वीजबिल भरायच्या पानावर "भरा" या बटणाभोवती चौकट असताना खाली जायला म्हणून स्पेस दाबली, तर पान सरकणार नाही, व्यवहार पुढे सरकेल. पैशाच्या आणि अर्जाच्या पानांवर सरकण्यासाठी स्पेस वापरूच नये असं आमचं ठाम मत आहे. तिथे पेज डाउनच बरं.

अंगठा मधोमध ठेवून दाबणं

कीपॅड फोनचं दिशांचं बटण जवळून बघा. बाहेर एक कडं, मध्ये गोल "ओके", दोघांमध्ये केसाएवढी फट. कड्याखाली चार दिशांना चार आणि मध्ये एक, असे पाच बारीक धातूचे घुमट असतात. दाबल्यावर घुमट मिलिमीटरच्या काही दशांशांइतका आत बसतो, खालच्या तांब्याच्या ठिपक्याला टेकतो आणि "टिक" असा आवाज येतो. अंगठ्याचा मांसल भाग या कड्यापेक्षा मोठा असतो. तो मधोमध टेकवून खाली ढकलला की खालचा आणि मधला असे दोन्ही घुमट दबतात. यादी खाली सरकण्याऐवजी एखादा नंबर उघडतो किंवा नको तिथे फोन लागतो. वयस्कर माणसांच्या "फोन आपोआप लागतो" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

उपाय फुकटचा आहे. अंगठ्याचं टोक कड्याच्या अगदी बाहेरच्या काठावर टेकवा आणि सरळ खाली दाबा, मध्याकडे रेटू नका. घरातल्या आजोबांना शिकवताना त्यांचा अंगठा धरून तो काठ एकदा चाचपून द्या. तोंडाने सांगून हे कळत नाही.

बटण धरून ठेवणं हीही एक सवय असते. अँड्रॉइडमध्ये बाण साधारण अर्धा सेकंद धरला की तोच दाब पुन्हा पुन्हा, सेकंदाला सुमारे २० वेळा पाठवला जातो. कमी रॅमचा फोन तेवढ्या वेगाने पान रंगवू शकत नाही, दाब रांगेत साचतात आणि बोट उचलल्यावरही पान पळत राहतं. हे बटण अडकल्याचं लक्षण नव्हे. धरून ठेवण्याऐवजी थांबून थांबून दाबा.

आवाजाचं बटण: सोय मोठी, गोंधळही मोठा

वाचनाच्या अनेक अँड्रॉइड ॲपमध्ये आवाजाच्या बटणांनी पान उलटायची सोय असते. किंडल आणि गूगल प्ले बुक्स या दोन्हींत ती आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती न शोधता "माझ्या फोनमध्ये होत नाही" असं ठरवून टाकणं ही पहिली चूक. दुसरी म्हणजे मागे गाणं वाजत असताना पान उलटायला जाणं. आवाज चालू असला की काही ॲप ही बटणं परत आवाजालाच देऊन टाकतात. गाणं पूर्ण बंद करून पाहा.

आयफोनवर ही सोय शोधण्यात वेळ घालवू नका. आवाजाच्या बटणांचं मूळ काम बदलणारी ॲप ॲपल आपल्या नियमांनुसार नाकारते.

आता खरा बिघाड. पान आपोआप उलटत जातं, आवाज आपोआप शून्यावर येतो, किंवा फोन सुरू झाल्यावर खालच्या कोपऱ्यात "सेफ मोड" असं दिसतं आणि स्वतः टाकलेली सगळी ॲप गायब होतात. तिन्हींचं कारण एकच असू शकतं: आवाज कमी करायचं बटण दबलेलंच राहिलंय. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सुरू होताना हे बटण दाबलेलं असलं की फोन सेफ मोडमध्ये उघडतो. लोक घाबरून फोन फॉरमॅट मारतात, फोटो जातात आणि सेफ मोड तसाच राहतो.

आधी कव्हर काढा. आपल्याकडच्या उन्हात, गाडीच्या डिक्कीत तापून तापून मऊ कव्हर वाकडं होतं, पिवळं पडतं आणि त्याचा फुगवटा बटणावर कायमचा दाब देतो. कव्हर काढून फोन बंद-चालू करा आणि एक दिवस तसाच वापरा. तक्रार थांबली तर खर्च नव्या कव्हरचाच. थांबली नाही तर बटण नखाने हलकेच बाहेरच्या बाजूला ओढून पाहा. ते परत वर येत नसेल, टिक आवाज येत नसेल, तर आत धूळ तरी आहे नाही तर घुमट तरी बसलाय.

आणखी एक गोंधळ फार त्रासाचा असतो. दोन्ही आवाजाची बटणं एकदम सुमारे ३ सेकंद दाबली गेली की अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सुलभतेचा शॉर्टकट चालू होतो आणि टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, बोलायला लागते. गर्दीत फोन घट्ट धरला तरी हे घडतं. मग एक टिचकी फक्त निवडते, उघडायला दोनदा टिचकी लागते आणि सरकवायला दोन बोटं लागतात. टच बिघडला असं समजून स्क्रीन बदलायला निघू नका. तीच दोन बटणं पुन्हा ३ सेकंद दाबून धरा, टॉकबॅक बंद होईल. मग सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकट काढून टाका. घरात कुणाला कमी दिसत असेल तर मात्र राहू द्या, त्यांच्यासाठी तोच आधार आहे.

रिमोट जोडला आणि कीबोर्ड गायब

फोटो काढायच्या स्वस्त ब्लूटूथ रिमोटने पान उलटायचा प्रयत्न बरेच जण करतात. तो रिमोट सहसा "आवाज वाढवा" एवढाच संकेत पाठवतो. वाचनाच्या ॲपमध्ये त्या बटणाचा अर्थ सहसा मागचं पान असा असतो, म्हणून पुस्तक उलटं चालतं. ॲपमध्ये दिशा उलटवायची सोय असेल तर ती वापरा, नाही तर पुढे आणि मागे अशी दोन वेगळी बटणं असलेला रिमोट घ्या.

रिमोट जोडल्यावर स्क्रीनवरचा कीबोर्ड दिसेनासा झाला, तर फोनने त्या रिमोटलाच कीबोर्ड मानलंय. सेटिंगमध्ये "फिजिकल कीबोर्ड" शोधा आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा.

मधूनच दाब चुकत असतील तर सेल तपासा. आत बरेचदा सीआर२०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला. जुना सेल टेबलावर पडू देऊ नका. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

न उघडता खात्री कशी करायची

बटणाचा संकेत दाखवणारं एखादं मोफत ॲप टाका आणि बटण दाबा. अँड्रॉइडमध्ये आवाज वाढवायच्या बटणाचा आकडा २४, कमी करायच्या बटणाचा २५, बाणांमध्ये वर १९, खाली २०, पेज डाउन ९३. आकडा उमटला तर बटण ठीक आहे, दोष सेटिंगचा किंवा ॲपचा. काहीच उमटलं नाही तर ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडायच्या छोट्या जोडणीने) साधा यूएसबी कीबोर्ड जोडून खालचा बाण दाबा. तिथे २० उमटलं तर फोनचं सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि बिघाड बटणात किंवा त्याच्या पट्टीत आहे. एका दाबाला आकडा दोनदा उमटत असेल तर संपर्काच्या जागी मळ साचलाय.

सफाईतल्या चुका

इथे लोक चांगला फोन वाया घालवतात. सॅनिटायझर ओतू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि चिकट थर मागे राहतो. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, रॉकेल यांतलं काहीच नको. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाण्याचे आणि तेलाचे कण असतात, आणि त्या जोराने धूळ बाहेर येण्याऐवजी आत घुसते. तोंडाने फुंकरही नको. सुटलेली टोपी फेविक्विकने चिकटवू नका, तो पातळ गोंद फटीतून झिरपून घुमटच जाम करतो. उन्हातून आल्यावर फोन कूलरच्या तोंडाशी ठेवायची सवयही सोडा. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळले की क्षाराची पांढरी पूड बटणाच्या फटीत जमते.

बरोबर पद्धत अशी. फोन बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा. बटणाची बाजू जमिनीकडे करून मऊ, कोरड्या टूथब्रशने फट झाडा, म्हणजे धूळ खाली पडेल. मग ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर एक-दोन थेंब घ्या, बटणाच्या कडेला लावा आणि बटण २०-३० वेळा दाबा. अर्धा तास उघडं ठेवा, पावसाळ्यात तासभर. मगच चालू करा. एकदा करून फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा करा. तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही, घुमट किंवा पट्टी गेलेली आहे.

मनगटी घड्याळाच्या फिरत्या चावीला मात्र अल्कोहोल नको. ॲपल वॉचची चावी जड झाली तर घड्याळ बंद करून, कोमट गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली १० ते १५ सेकंद चावी फिरवत राहा, मग पुसा. स्वस्त घड्याळांत हा प्रयोग करू नका. त्यांतल्या बऱ्याच घड्याळांची चावी फिरते पण सरकवत नाही, ती नुसतं दाबायचं बटण असते.

दुकानात देताना

बर्डीच्या (नागपुरातल्या सीताबर्डी बाजारातल्या) दुकानाच्या काउंटरवर नुसतं "बटण खराब आहे" म्हणू नका. कोणतं बटण, कव्हर काढून पाहिलं का, आकडा उमटतो की नाही, हे तिन्ही सांगा. कीपॅड फोनमध्ये आधी घुमटांची चिकट शीट बदलून पाहायला सांगा, पूर्ण बोर्डाचं काम नंतर. टचफोनच्या बाजूच्या बटणांची सहसा एक फ्लेक्स, म्हणजे पातळ लवचिक वायरची पट्टी असते, आणि अनेक मॉडेलमध्ये पॉवरचं बटण त्याच पट्टीवर असतं. म्हणून मागचं पॅनेल चिकटवण्याआधीच फोन सुरू करून घ्या, तिन्ही बटणं दहा-दहा वेळा दाबा आणि प्रत्येक दाबाला आकडा एकदाच उमटतो ना, ते काउंटरवर उभं राहूनच बघा.