चवथीच्या पानातल्या भाज्या: या चुका टाळा

चवथीला, म्हणजे गोव्याकडच्या गणेश चतुर्थीला, गोडाचे सहसा बिघडत नाही. नेवऱ्या, पातोळ्या, मणगणे यांच्याकडे सगळ्या घराचे लक्ष असते. बिघडतात त्या भाज्या. त्या सगळ्या एकाच सकाळी, दोन शेगड्यांवर, आरतीच्या आधी व्हायच्या असतात. त्यातून नैवेद्याच्या रांधपात कांदा-लसूण नाही. एरवी कांद्याखाली दडून जाणारे जास्तीचे पाणी, कच्चट राहिलेले सुरण किंवा करपट वाटण त्या दिवशी सरळ जिभेवर येते. मग मसाला कमी पडला म्हणून मसाला वाढवला जातो. मसाल्याचा दोष क्वचितच असतो. काय आधी घातले, आंबट कधी पडले, मीठ कधी पडले, याचा क्रम चुकलेला असतो.

चाखायचे नाही, मग मीठ कसे जमवायचे?

नैवेद्य दाखवेपर्यंत चाखता येत नाही, ही खरी अडचण. अंदाजाने मीठ घालताना हात दोन्हीकडे चुकतो, पण खारट झालेले काढता येत नाही. म्हणून मोजूनच घालावे. तयार होऊन साधारण दोन किलो भरेल एवढ्या रस्सेदार भाजीला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साडेतीन सपाट चमचे. हे थोडे कमीच आहे, मुद्दाम. नैवेद्य झाल्यावर चाखून वरून घाला. सोलां (आमसुले) खारवलेली असतील तर अर्धा चमचा आणखी कमी करा. भाजी खारट होण्यामागे पुष्कळदा तीच असतात.

पालेभाजीचे गणित निराळे. तांबड्या भाजीचा (लाल माठाचा) कढईभर ढीग बसला की वाडगाभर उरतो. ढीग बघून मीठ घातले की संपले. पाला बसू द्यावा, मग मीठ, शेवटी खोबरे. खारट झालीच तर बटाटा टाकून मीठ शोषले जाते यावर विश्वास ठेवू नका, तो फारसे काही शोषत नाही. अळणी शिजवलेली मूगडाळ किंवा ओले खोबरे मिसळा. प्रमाण वाढले की खारटपणा उतरतो.

खतखते

डाळ आणि खोबऱ्याच्या वाटणाच्या या मिश्र भाजीत आठ-दहा भाज्या पडतात आणि प्रत्येकीची शिजण्याची वेळ वेगळी असते. कुकरात सगळे एकदम कोंबून दोन शिट्या काढल्या की भोपळ्याचा लगदा होतो, शेवग्याच्या शेंगा उकलतात आणि मका तरीही करकरीत राहतो. वेळ वाचवायचा असेल तर कुकरात फक्त तूरडाळ शिजवा. बाकी सगळे रुंद टोपात: आधी मका, सुरण आणि नीरफणस (ब्रेडफ्रूट), दहा-बारा मिनिटांनी कणगां (कणगर, एक कंद), कच्ची केळी, मुळा आणि गाजर, नंतर शेंगा, आणि अगदी शेवटी भोपळा व दोडका.

आता आंबट. सोलां लवकर पडली तर भाज्या आणि डाळ मऊ व्हायला नको म्हणतात. आंबटामुळे भाजीच्या पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही. अर्धा तास उकळूनही सुरण दाताखाली कचकचत असेल, तर सोलां कधी घातली ते आठवून पाहा. वाटण गेल्यावर सोलां आणि गूळ, हाच क्रम बरा.

पण इथेच एक पेच आहे. सुरण आणि अळू खाजतात ते त्यांच्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा आंबटच. एकाच टोपात दोन्ही साधत नाही. सुरणाच्या फोडी चिंचेच्या किंवा सोलांच्या पाण्यात वेगळ्या उकळून घ्या, ते पाणी फेकून द्या आणि मगच फोडी खतखत्यात सोडा. त्यांना थोडा वेळ जास्त लागेल, तो धरूनच चाला. अळवात आंबाडे (एक आंबट फळ) आधीपासून पडले तरी बिघडत नाही, कारण पाला घोटूनच घ्यायचा असतो. मात्र तो पुरता शिजायलाच हवा. हिरवा रंग राखायच्या हौसेने अर्धकच्चा उतरवलेला अळू घशाला लागतो. कापताना हाताला खोबरेल चोळा.

तेफळां (तिरफळे, एक वासाचा मसाला) वाटणात घालणे ही नव्या घरांत सर्रास दिसणारी चूक. वाटली की कडवट होतात, आणि आतली काळी बी राहिली असेल तर जास्तच. बी काढून टाका. दहा माणसांच्या खतखत्याला आठ-दहा तेफळां पुरतात. ती हलकी ठेचून अर्धी वाटी पाण्यात ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत पाण्यासकट घाला. मग झाकण. वास झाकणाखालीच मुरतो. तेफळ कडू उतरलेच असेल तर सापडतील तेवढी सालां काढून टाका आणि गूळ किंचित वाढवा. यापलीकडे इलाज नाही.

वाटण घातल्यावर खदखदा उकळी काढू नका, रस फुटतो आणि वर पाणी तरंगते. आच मंद हवी. फुटलाच तर शिजलेली डाळ घोटून त्यात मिळवा, बराचसा सांधला जातो. खतखत्याला फोडणी द्यायची नसते. काहीतरी राहिले असे वाटून मोहरी-हिंग तडतडवणारे लोक आहेत. त्यांच्या टोपातून सांबाराचा वास येतो.

वीस पाने असली की

चार माणसांचे प्रमाण सरळ पाचाने गुणले तर भाजी पाणचट होते. मोठ्या टोपात पाणी त्या मानाने कमी आटते, म्हणून पाणी गुणून येते त्याच्या पाऊणपट घ्या, लागले तर गरम पाणी वाढवता येते. भरलेला टोप विस्तव बंद केल्यावरही बराच वेळ धगधगत असतो आणि आत भाजी शिजतच राहते. आरती लांबली, पाहुणे उशिरा बसले, की बाराला नेमकी झालेली भाजी दोनला गाळ. थोडी कचवट असतानाच उतरवा.

मुगागाठी, भेंडी, काप

मुगागाठी म्हणजे मोडाच्या मुगाचा रस्सा. मुगाला मोड यायला पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे त्रास होत नाही, उलट ते बुळबुळीत होऊन आंबूस वास मारतात. पाणी पूर्ण निथळून सैल फडक्यात बांधा, मध्ये एकदा धुवा, आणि मोड अर्ध्या इंचावर जाऊ देऊ नका. साले काढायला मूग पाण्यात हलके चोळा, ती वर तरंगतात. कुकर नको, दाणे फुटतात. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) मात्र रात्रभर भिजवून कुकरात घातले तरी चालतात. खाण्याचा सोडा घालू नका, साल सुटून पिठूळ होतात.

सात शिरांची लांब भेंडी मिळाली तर सोडू नका, लांब असूनही ती कोवळी असते. चिकट होण्याचे कारण एकच, ओलावा. धुऊन, पुसून, मग चिरा, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी. दोन सोलां टाकली की तार तुटते.

नीरफणसाचे काप सगळ्यात शेवटी. तळून डब्यात झाकून ठेवले की वाफेने रवा ओला होतो आणि हातात नुसते साल येते. मीठ-तिखट लावून तासभर ठेवले तरी पाणी सुटते. रव्यात घोळवा की लगेच तव्यावर. नीरफणस पिकायला लागलेला असेल तर काप गोडूस आणि मऊच होणार. तो खतखत्यातही विरघळतो, त्याची कोरडी भाजी करा.

उरलेले खोबऱ्याचे सगळे पदार्थ पानावर वाढून झाले की लगेच, उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये. भाद्रपदाच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलेल्या अळवावर विश्वास नको. खतखते दुसऱ्या दिवशी चांगले लागते हे खरे, पण तेवढेच गरम करा जेवढे संपेल, आणि पुन्हा तेफळां टाकू नका; आदल्या दिवशीच्यांचा वास रात्रीत वाढलेला असतो.